शेवटची बाहुली : साहित्यातील किन्सेन्येरा

मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वस्त्या येथे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला होणाऱ्या सोहळ्याला ‘किन्सेन्येरा’ म्हणतात आणि त्या मुलीलाही त्याच नावाने ओळखतात. चर्चमधील कृतज्ञतेची प्रार्थना, घेरदार झगा, डोक्यावरचा मुकुट, सपाट चपला काढून वडिलांनी पायांत घातलेले उंच टाचांचे बूट, त्यांच्याबरोबरचा वॉल्ट्झ (जोडीने करायचे नृत्य) आणि बालपणाला निरोप म्हणून हाती दिलेली ‘उल्तिमा मुन्येका’, म्हणजे शेवटची बाहुली, असा त्याचा साधारण थाट असतो. खर्चाचा भार अनेकदा पाद्रिनो आणि माद्रिना, म्हणजे मानलेले आईवडील, आपापसांत वाटून घेतात. सोहळा आणि मुलगी यांना एकच शब्द असल्यामुळे यांतले कोण कोणासाठी आहे, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. गेल्या चार दशकांतील लेखनाने तो पुन्हापुन्हा उकलून पाहिला.

या प्रथेच्या उगमाच्या दोन कथा सर्वत्र सांगितल्या जातात. पहिली तिला स्पॅनिश येण्यापूर्वीच्या मेक्सिकोतील आस्तेक संस्कृतीशी जोडते. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने सोळाव्या शतकात नोंदवलेले, आईवडिलांनी वयात येणाऱ्या मुलीला केलेले उपदेश तिला आधार म्हणून दाखवले जातात. दुसरी कथा वॉल्ट्झ आणि झगा यांचे श्रेय 1864 ते 1867 या काळात मेक्सिकोच्या गादीवर असलेल्या मॅक्सिमिलियन आणि कार्लोता यांच्या दरबाराला देते. आजचा सोहळा जसाच्या तसा इतका जुना आहे, हे या दोन्ही कथांवरून सिद्ध होत नाही. तरीही लेखकांसाठी त्या मोलाच्या ठरल्या, कारण परदेशात वाढणाऱ्या मुलीला आजी किंवा आई ‘हे आपले आहे’ असे सांगते तेव्हा ती याच कथांचा आधार घेते.

सोहळ्याच्या थाटामागची मुलगी मला सर्वात स्पष्ट दिसते ती पोर्तो रिकोत जन्मलेल्या ज्यूडिथ ऑर्टिझ कोफर यांच्या ‘किन्सेन्येरा’ या कवितेत. ती 1987 च्या ‘टर्म्स ऑफ सर्व्हायव्हल’ या संग्रहात आहे. कवितेच्या सुरुवातीलाच बाहुल्या पेटीत बंद झालेल्या असतात, आणि यापुढे स्वतःचे कपडे व चादरी स्वतःच धुवायच्या, असे त्या मुलीला बजावलेले असते. संगीत आणि पाहुणे यांऐवजी कवयित्री मासिक पाळीचे रक्त, त्याची लाज आणि ताणून बांधलेले केस यांच्याकडे पाहते. शेवटची बाहुली ही प्रेमाची भेट असते, तशीच ती एक आज्ञाही असते, हे इतक्या थोड्या ओळींत क्वचितच कोणी सांगितले असेल.

त्याच वर्षी मेक्सिकोत ‘किन्सेन्येरा’ याच नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. एक गरीब आणि एक श्रीमंत अशा दोन मैत्रिणींच्या पंधराव्या वर्षाभोवती गुंफलेल्या या मालिकेने अमली पदार्थ, बलात्कार, कोवळ्या वयातील गर्भारपण हे विषय घरोघरी नेले.

अमेरिकेतील किशोरवयीनांच्या कादंबरीत मात्र प्रश्न वारशाचा झाला. नॅन्सी ओसा यांच्या ‘क्यूबा 15’ (2003) मध्ये क्यूबन आणि पोलिश अशा दुहेरी मुळांची नायिका आजीच्या हट्टापुढे नमते. पण ज्या देशाविषयी वडील बोलायलाच तयार नाहीत, त्याची परंपरा आपण का पाळायची, हे तिला स्वतःच शोधावे लागते. डोमिनिकन वंशाच्या ज्युलिया अल्वारेझ यांनी ‘वन्स अपॉन अ किन्सेन्येरा’ (2007) या ललितेतर पुस्तकात न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील एका मुलीच्या सोहळ्याचा मागोवा घेतला. ऐपतीबाहेरचा खर्च आणि एका रात्रीपुरते मिळणारे राजकन्येपण यांविषयी त्या परखडपणे लिहितात, तरी पिढ्यांना एकत्र आणण्याचे या विधीचे सामर्थ्य नाकारत नाहीत. ही दुहेरी निष्ठा मला या पुस्तकाचे खरे बळ वाटते. केवळ उधळपट्टी पाहणाऱ्याला मुलीच्या मावश्यांची महिनोन्‌महिने चाललेली धडपड दिसत नाही.

याच 2007 साली व्हॅटिकनने अमेरिकेतील चर्चसाठी पंधराव्या वाढदिवसाच्या आशीर्वादविधीला मान्यता दिली. त्याआधीच्या वर्षी ‘किन्सेन्येरा’ या चित्रपटाने सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे असे दोन्ही सर्वोच्च पुरस्कार मिळवले होते. लॉस एंजेलिसच्या एको पार्क वस्तीतील त्याची नायिका सोहळ्याआधीच गर्भवती राहते आणि धर्मोपदेशक वडील तिला घराबाहेर काढतात. 2017 मध्ये आलेल्या ‘वन डे ॲट अ टाइम’ या मालिकेत, आपल्या समलिंगी मुलीबरोबर तिच्या सोहळ्यात नाचायचे टाळून वडील निघून जातात आणि त्यांच्या जागी आई उभी राहते.

त्याच वर्षीच्या एरिका सांचेझ यांच्या ‘आय ॲम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर’ या कादंबरीने सोहळा नेमका कोणासाठी, हा प्रश्न सर्वात वेदनादायक टोकाला नेला आहे. शिकागोतील ज्युलियाची थोरली बहीण अपघातात दगावलेली आहे, आणि तिचा किन्सेन्येरा कधी झालाच नव्हता. वेळ उलटून गेल्यावर आईवडील ज्युलियासाठी सोहळा मांडतात, तेव्हा नको असलेला झगा घालून उभ्या असलेल्या ज्युलियाला उमगते, की हे सारे गेलेल्या ओल्गासाठी चालले आहे.