साइडपट्टी कोणाची?

शहरात सायकल ट्रॅकवर मोटारी उभ्या राहिल्या की ओरड होते. विदर्भातल्या खेड्यापाड्यात ट्रॅकच नाही, म्हणून ओरडही नाही. इथे सायकलीची वाट म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची साइडपट्टी. बाजाराच्या दिवशी तिच्यावर ट्रॉली, पिकअप आणि सवारी भरणारी काळीपिवळी जीप उभी असते, आणि शाळेतून परतणारी पोरगी सायकल घेऊन डांबरावर, एसटीच्या पुढ्यात येते.

याची मुळं जुनी आहेत. इथले रस्ते माणसांपेक्षा कापसासाठी वाढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि गाव ते बाजार, बाजार ते स्टेशन ही बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, वाट रुळली. माल रस्त्यानेच जायचा आणि थांबायचाही रस्त्यावरच. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, तेव्हा खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. शेतकरी बंडीखालीच मुक्काम करत. त्याला कोणी बेकायदा पार्किंग म्हटलं नाही, म्हणूही नये. आत जागा नव्हती, माल विकल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. पण कडेची जागा थांबणाऱ्या मालाची, हा समज तेव्हाच पक्का झाला. पुढे बंडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली, समज तोच राहिला.

रस्ते आखणाऱ्यांनीही सायकलीचा विचार उशिरा केला. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरातच जमले आणि राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची उतरंड ठरली. सायकल ट्रॅकचे मानक इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेने १९६२ मध्ये काढले. त्यात गर्दीच्या तासाला साधारण ४०० सायकली असल्या तर वेगळा ट्रॅक द्यावा, असं होतं. तालुक्याच्या गावालाही हा आकडा गाठणं कठीण, मग खेड्याचं काय! ग्रामरस्त्याची एकूण रुंदी साधारण ७.५ मीटर, त्यात डांबर ३.७५. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन मीटरही उरत नाहीत. एक ट्रॉली उभी राहिली की तेवढं संपलं.

पार्किंगचा परवाना गावाला अगदीच नवा नाही, फक्त त्याचं नाव वेगळं होतं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीला बाजारावर, बंडीतळावर आणि टांगातळावर फी घेता येते. सायकलीवर आणि जनावरं ओढतात त्या वाहनांवर करही बसवता येतो. मोटारीचा कर मात्र राज्याकडे. गंमत बघा: ज्या सायकलीला आज कडेला जागा नाही, तिच्यावर कर लावायचा अधिकार पंचायतीला आहे, आणि ती जागा अडवणाऱ्या जीपवर नाही.

जीपचा हिशेब १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात. धोकादायक रीतीने वाहन उभं करू नये, असं तो सांगतो. सार्वजनिक जागी १० तास बेवारस पडलेलं किंवा मनाई असलेल्या ठिकाणी उभं केलेलं वाहन उचलून नेता येतं. पण आठवडी बाजार १० तास चालतच नाही. दिवेलागणीला सगळं मोकळं. आणि मनाईचं म्हणाल तर ती आधी जाहीर व्हावी लागते, फलक लागावा लागतो. असा फलक खेड्यात मी तरी पाहिला नाही. तालुक्याला एसटी स्थानकाभोवती दिसतो, कारण तिथे खासगी सवारी गाड्यांना मनाई असलेली २०० मीटरची हद्द पाळण्यात एसटीचा स्वतःचा फायदा आहे. सायकलवाल्याच्या बाजूने असं कोणी नाही.

नियमभंगाचा साधा दंड पूर्वी १०० रुपये होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० झाला आणि महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. गावात तो करणार कोण? वाहतूक शाखा जिल्ह्याला, ठाणं दूर, आणि पोलीस पाटलाकडे ई-चलानचं यंत्र नाही.

मधल्या काळात सायकली मात्र वाढल्या. २०११ पासून मागास तालुक्यांसाठीचा राज्याचा मानव विकास कार्यक्रम १२५ तालुक्यांत पसरला, त्यात विदर्भातले बरेच आले. लांबच्या मुलींसाठी निळ्या बस आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या. कापूस निघतो दिवाळीच्या आगेमागे, नेमकं शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यासमोरच्या ट्रॉल्यांची रांग साइडपट्टीवरूनच लागते, आणि ती हलेपर्यंत परीक्षा जवळ आलेली असते.