‘जीसीसी बसत नाही’ : डिपेंडन्सीचा अडथळा आला तर काय करावे

आमच्याकडून उबुंटू टाकलेला लॅपटॉप किंवा डेस्कटॉप नेणाऱ्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि छोट्या ऑफिसांतले प्रोग्रॅमर जास्त आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा ना कुणाचा फोन दर महिन्याला येतो : सी चा कंपायलर जीसीसी इन्स्टॉल होत नाही, लाल अक्षरांत काहीतरी येते, मशीनमध्ये दोष आहे का? दोष बहुधा मशीनमध्ये नसतोच. त्या लाल अक्षरांच्या वर जे दोन-तीन ओळींत लिहिलेले असते, त्यातच उत्तर असते. ते वाचायचे कसे, एवढ्यासाठी हे पत्रक.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

लिनक्सवर (उबुंटू आणि डेबियन हे त्याचेच प्रकार) एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा, सहसा एकटे येत नाही; एकाला दुसरे लागणे म्हणजेच डिपेंडन्सी. कंपाइल करायच्या साधनांचे ‘बिल्ड-इसेन्शियल’ मागितले की जीसीसी, जी++, मेक आणि ‘लिबसी६-डेव्ह’ ही सगळी मंडळी मागून येतात, आणि त्यांची आपापली गरज वेगळी. पूर्वी पॅकेज बसवणारे ‘डीपीकेजी’ नुसते सांगायचे की अमुक पॅकेज कमी आहे. ते शोधून आणायचे काम माणसाचे. डेबियनच्या १९९९ मधल्या २.१ आवृत्तीसोबत ‘अ‍ॅप्ट’ आले आणि हा शोध यंत्राकडे गेला. पण अ‍ॅप्ट शोधते कुठे? तुमच्या मशीनवर रेपॉझिटरींची (सर्व्हरवरच्या पॅकेजांच्या साठ्यांची) जी यादी आहे, फक्त तिच्यात. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे आहे.

आता आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार. उबुंटू २२.०४ वर ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ दिले की पडद्यावर असे काहीसे येते : लिबसी६-डेव्ह हे लिबसी६ (= २.३५-०उबुंटू३) वर अवलंबून आहे, पण २.३५-०उबुंटू३.१ इन्स्टॉल होणार आहे. खाली लाल अक्षरांत : ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’.

ही शेवटची ओळ वाचून लोक घाबरतात आणि नेमके तिथेच चुकतात. ‘हेल्ड’ म्हणजे मुद्दाम रोखून ठेवलेले पॅकेज. ‘अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड’ देऊन बघा, बहुतेक वेळा यादी रिकामी निघते. तुम्ही काही रोखलेले नसते, मोडलेलेही नसते. कामाची ओळ वरची आहे, आणि त्या ओळीतले कामाचे चिन्ह म्हणजे कंसातले ‘=’.

लिबसी६ ही ती लायब्ररी, जिच्यावर मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम चालतो. लिबसी६-डेव्हमध्ये तिच्या हेडर फाइली असतात; प्रोग्रॅम चालवायला त्या लागत नाहीत, कंपाइल करायला लागतात. दोन्ही एकाच साच्यातून निघालेले डबा आणि झाकण. त्यामुळे ‘इतकी किंवा यापेक्षा नवी आवृत्ती’ अशी सवलत इथे नाही. आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच हवा.

मग आकडे वेगळे का झाले? एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आले, तेव्हाची पॅकेजे ‘जॅमी’ नावाच्या विभागात कायमची गोठवली गेली. त्यानंतरच्या दुरुस्त्या ‘जॅमी-अपडेट्स’ आणि ‘जॅमी-सिक्युरिटी’ या विभागांत येतात. तुमच्या मशीनवरचा डबा कधीतरी तिथून नवा झाला. पुढे कुणीतरी मोबाइल डेटा वाचवायला अपडेट बंद केले, किंवा इंटरनेटवरून उचललेली अर्धीच यादी चिकटवली. आता अ‍ॅप्टला दिसते फक्त जुने झाकण. ते नव्या डब्याला बसत नाही, आणि अ‍ॅप्ट आपणहून डबा जुना करत नाही. हे ते बरोबरच करते.

खात्री करायची असेल तर ‘अ‍ॅप्ट पॉलिसी लिबसी६ लिबसी६-डेव्ह’ द्या. बसलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि ती कुठल्या विभागातून येते, सगळे समोर येते. लिबसी६ च्या बसलेल्या आवृत्तीशेजारी कोणत्याच सर्व्हरचे नाव नसेल, तर निदान झाले.

उपाय पाच मिनिटांचा आहे. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा, ‘अपडेट्स’ या टॅबवर जा आणि नुसते ‘सिक्युरिटी’ न ठेवता रेकमेंडेड अपडेटही येतील असा पर्याय निवडा. मग ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’, आणि पुन्हा तीच इन्स्टॉलची कमांड. २४.०४ वाल्यांसाठी : तुमची यादी आता जुन्या ‘सोर्सेस.लिस्ट’ मध्ये नसून ‘उबुंटू.सोर्सेस’ या फाइलमध्ये आहे, आणि विभागाचे नाव ‘नोबल’. सर्व ठीक असूनही आकडे जुळत नसतील तर ‘सर्व्हर फॉर इंडिया’ ऐवजी ‘मेन सर्व्हर’ निवडून पाहा. कधी कधी आरसा सर्व्हर, म्हणजे मूळ सर्व्हरची प्रत ठेवणारा, त्याच्या मागे राहिलेला असतो.

याच ठिकाणी इंटरनेटवर एक उलटा सल्ला मिळतो : लिबसी६ लाच मागच्या आवृत्तीवर न्या. कृपया हे करू नका. ही अदलाबदल मध्येच फसली तर फाइलींची यादी दाखवणारी साधी कमांडही चालेनाशी होते, आणि शिवाय तुम्ही सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतःच्या हाताने काढून टाकता.

दुसरी कळकळीची विनंती : ‘वाय’ दाबण्याआधी काय काढले जाणार आहे, ती यादी वाचा. सबमिशनच्या आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीचे मशीन आमच्याकडे आले होते. सुरू होत होते, पण काळ्या पडद्यावर नुसते लॉगिन विचारत होते. एका जुन्या लायब्ररीच्या बदल्यात अ‍ॅप्टने अख्खा डेस्कटॉप काढायची परवानगी मागितली होती, आणि घाईत तिने ती दिली होती. तिच्या फाइली जागेवर होत्या, डेस्कटॉप परत बसवला, काम झाले. पण ती रात्र तिची वाया गेली, याचे आम्हाला वाईट वाटते. म्हणून हे इथे छापत आहोत. शंका असेल तेव्हा कमांडमध्ये ‘-एस’ घाला. मग अ‍ॅप्ट प्रत्यक्षात काही न करता काय काय करेल तेवढेच दाखवते.

जुन्या उबुंटूची डेब फाइल (सुटे पॅकेज) नव्यावर आणून बसवणे हेही आम्ही करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. उदाहरण ‘लिबएसएसएल१.१’ चे, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठीच्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या १.१ आवृत्तीचे. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे. जुन्या साधनाला १.१ लागते म्हणून लोक २०.०४ ची फाइल उतरवतात. त्या १.१.१ ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्येच थांबली. असे साधन हवेच असेल तर आम्ही ते कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात, बसवून देतो, म्हणजे त्याचा जुनेपणा त्याच्यापुरता राहतो.

पायथॉनबद्दल थोडक्यात. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून पायथॉनची पॅकेजे आणणारे ‘पिप’ थेट सिस्टिममध्ये पॅकेज टाकू देत नाही. प्रोजेक्टसाठी ‘व्हेन्व्ह’, म्हणजे पायथॉनच्या पॅकेजांचा वेगळा कप्पा, करा. तो अडथळा उठवणाऱ्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ आहे, आणि नावात सांगितले तेच तो करू शकतो. सिस्टिमचे ‘पायथॉन३’ दुसऱ्या आवृत्तीकडे वळवू नका, २२.०४ वर टर्मिनल उघडून देणारी फाइलसुद्धा पायथॉनमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे दुरुस्त करायला टर्मिनलच उघडत नाही.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर मशीन सुरू करून आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. आणि ‘लॉक’ असा संदेश आला तर मागे आपोआप अपडेट चालू असते. चहा घेऊन या. लॉकची फाइल पुसू नका.

तरीही अडलात तर आम्हाला संदेश पाठवा. फोटो फक्त शेवटच्या लाल ओळीचा नको, कमांड दिल्यापासूनचा सगळा मजकूर हवा, सोबत ‘अ‍ॅप्ट पॉलिसी’चे उत्तर आणि उबुंटूची आवृत्ती. आमच्याकडून घेतलेल्या मशीनसाठी या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.