कण्यावरचा भार उतरला की मणक्यांची गादी फुगते

अंतराळात अंतराळवीरांच्या कण्यावर वजनाचा भार नसतो. त्याचा परिणाम अभ्यासण्यासाठी जमिनीवर राहूनच कण्यावरचा भार काढायचा, तर दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत पलंग डोक्याकडे 6 अंश उतरता करतात. 2 मीटरच्या पलंगावर पायाकडची बाजू साधारण 21 सेंटिमीटर वर येते. जेवण, आंघोळ, शौच सगळं आडव्यानेच. काही प्रयोग 60 दिवस चालतात. दुसरी ‘कोरडी बुडी’, सोव्हिएत संशोधकांनी विकसित केलेली. सुमारे 33 अंश सेल्सिअस पाण्याच्या टाकीवर मोठं जलरोधक कापड सैल सोडतात आणि माणूस त्यात गळ्यापर्यंत तरंगतो. अंग भिजत नाही, पण पाठीला टेकायला कठीण असं काहीच मिळत नाही. त्यामुळे इथे परिणाम लवकर दिसतात.

दोन मणक्यांमधल्या गादीत मऊ गर असतो, भोवती चिवट तंतूंची कडी. गरातले प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू पाणी ओढून धरतात. दिवसा शरीराच्या वजनाने त्यातलं थोडं पाणी पिळून निघतं, रात्री ते परत भरतं. म्हणून सकाळी उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. उठल्याबरोबर आणि झोपण्यापूर्वी भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण करा, फरक डोळ्यांना दिसेल. प्रयोगात ही दिवसाची पिळणी होतच नाही. गादी फुगलेलीच राहते, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, आणि पहिल्या काही दिवसांतच कंबर दुखू लागते. गुडघे छातीशी घेतले की अनेकांना बरं वाटतं.

खरी काळजी मात्र स्नायूंची. मणक्यांना अगदी लगटून असलेला मल्टिफिडस झपाट्याने रोडावतो. कण्याच्या पुढच्या बाजूचा सोअस तुलनेने टिकून राहतो. म्हणजे सावरणारी मागची दोरी ढिली, पुढची शाबूत. अशा वेळी वाकून ओझं उचललं, तर फुगून ताणलेल्या कडीवर मागच्या बाजूने जोर येतो आणि गर बाहेर सरकू शकतो. अंतराळवीरांमध्ये गादी सरकण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळलं आहे, तेही परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक. त्यामुळे नुसत्या मांड्या-पोटऱ्यांच्या व्यायामावर भिस्त ठेवणं अपुरं आहे. कण्याजवळचे स्नायू वेगळे, नेमके कामाला लावावे लागतात.

रोज सकाळीही गादी फुगलेलीच असते. जुनी कंबरदुखी असेल, तर उठल्यावर पहिले एक-दोन तास कंबरेतून वाकणं टाळा. खालची वस्तू गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचला.