खलनायक आधीच कळला, मग बिघडलं काय?

"व्हिलन कोण ते तिसऱ्या पानावरच कळलं. पुढची चारशे पानं मग कशाला वाचायची?"

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या वाचक-कट्ट्यावर एखाद्या ॲक्शन थ्रिलरचा विषय निघाला, की हे वाक्य येणार म्हणजे येणारच. पुस्तक बदलतं, बोलणारा बदलतो, वाक्य काही बदलत नाही. पाठोपाठ त्याचं जुळं भावंड हजर होतं: "आणि हिरो मरणार नाही हे तर ठाऊकच होतं. पुढचे भाग दुकानात लागलेत ना!" मग माना डोलतात, कुणीतरी पोह्यांवर अजून थोडी शेव मागतं, आणि एक चांगलं खणखणीत पुस्तक 'प्रेडिक्टेबल' म्हणून निकालात निघतं. इतिहासाच्या पेपरात गणित का सोडवलं नाही म्हणून मुलाला नापास करावं, तसला हा प्रकार आहे. ही मंडळी वाचतात थ्रिलर आणि मार्क देतात रहस्यकथेचे.

रहस्यकथा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगत बसायची गरज नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहून ती आपल्या आजोबांच्या पिढीच्या अंगी मुरवली आहे. इंदूरकरांचं तर दुहेरी शिक्षण झालेलं. घरी लायब्ररीतून आणलेले अर्नाळकर आणि सुहास शिरवळकर, आणि खजुरी बाजारातून आणलेली, गादीखाली दडवलेली हिंदी पॉकेट बुकं. खून होऊन गेलेला असतो, माणसं खोटं बोलत असतात, शेवटी कुणीतरी सगळ्यांना बसवून उलगडा करतो. यातला करारही सर्वांना पाठ आहे: लेखकानं लपवावं, पण लबाडी करू नये. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं 1929 मध्ये याचे दहा नियमच घालून दिले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात वाचकाच्या नजरेखालून गेलेला असला पाहिजे. म्हणजे उत्तर समोर ठेवायचं, फक्त झाकून.

थ्रिलर आणि रहस्यकथा यांत बाकी जे फरक सांगितले जातात, ते मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत. एकात पिस्तुलं जास्त, दुसऱ्यात चहाचे कप जास्त. एक जाडजूड, दुसरं आटोपशीर. एकात देश धोक्यात, दुसऱ्यात बंगल्यातलं मृत्युपत्र. यातलं काहीही उलटसुलट करा, पुस्तकाची जात बदलत नाही.

जात ठरते ती एका गोष्टीवर: लेखक माहिती झाकून तुम्हाला धरून ठेवतो, की माहिती देऊन?

जुन्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमध्ये एक दुष्ट जमात असे. ही माणसं पुस्तक परत करण्याआधी पहिल्या पानावर बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवत, 'खुनी डॉक्टर आहे.' रहस्यकथेचा यात मुडदाच पडतो. पुढचं वाचताना डॉक्टरसाहेब खोलीत आले की तुम्हाला ते दिसतात ते खुनी म्हणूनच, आणि लेखकानं इतर पाच जणांवर रचलेला संशय फुकट जातो. आता तीच पेन्सिल थ्रिलरवर चालवून बघा. 'मारेकरी शेवटी फसतो' असं पहिल्या पानावर लिहा. काय बिघडतं?

काहीच नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल'. भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष दि गॉल यांना ठार मारायला निघतो, काळ 1963 चा. फोर्साइथनं ही कादंबरी 1970 च्या जानेवारीत 35 दिवसांत लिहून काढली, तेव्हा दि गॉल जिवंत होते, निवृत्त होऊन गावी राहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते घरीच वारले. गोळी कधी लागलीच नव्हती. चार प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं, आणि त्यामागचं मोठं कारण नेमकं आमच्या कट्ट्यावरचं: शेवट सगळ्या जगाला माहीत आहे, मग वाचणार कोण? 1971 मध्ये पुस्तक आलं आणि वाचणारे किती निघाले ते आपण बघतोच आहोत.

या कादंबरीत लेखक आपल्यापासून जवळजवळ काही लपवत नाही. जॅकल पासपोर्ट कसा मिळवतो ते आपण त्याच्या खांद्यावरून बघतो. गावाकडच्या चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत फिरून तो लहानपणीच वारलेल्या एका मुलाची कबर शोधतो, जगता तर साधारण त्याच्याच वयाचा झाला असता असा मुलगा. मग त्या नावाचा जन्मदाखला काढतो आणि दाखल्यावर पासपोर्ट. (ब्रिटनमध्ये या फसवणुकीला पुढे या कादंबरीचंच नाव चिकटलं.) बंदूक कशी बनते, कुबडीच्या नळ्यांत तिचे भाग कसे बसतात, तेही आपल्याला ठाऊक. दुसऱ्या बाजूला लेबेल नावाचा एक साधासुधा, बायकोच्या धाकातला पोलिस अधिकारी देशोदेशी फोन लावत बसलेला. इंग्रज पोलिस पासपोर्टचे अर्ज आणि मृत्यूची नोंदवही शेजारी ठेवून नावं जुळवायला लागतात, तेव्हा छातीत धडधडतं ते कशामुळे? आपल्याला ते नाव आधीच माहीत असतं म्हणून. लेखकानं दफनभूमीचं प्रकरण लपवून शेवटी 'आश्चर्य!' म्हणून काढलं असतं, तर नावं जुळवण्याची ती सगळी पानं निव्वळ कारकुनी ठरली असती.

आणि शेवट सांगूनच टाकते, मुद्दाम. जॅकल गोळी झाडतो त्याच क्षणी दि गॉल समोरच्या जुन्या सैनिकाच्या गालाचं चुंबन घ्यायला खाली वाकतात. गोळी डोक्यामागून जाते. आता हे कळल्यावर पुस्तक हातात घेऊ नये असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी खुशाल घेऊ नये.

कट्ट्यावरच्या एका काकांशी यावरून माझी चांगली जुंपली होती.

"काका, दि गॉल वाचतात हे तुम्हाला आधी ठाऊक होतं ना?"

"होतं की. पेपरात वाचलं होतं ते कसे गेले ते."

"मग रात्री दोनपर्यंत जागलात कशाला?"

"अगं, तो लेबेल जिने चढत होता! तेव्हा पुस्तक मिटवतात होय?"

हे सांगून काका दुसऱ्याच महिन्यात दुसऱ्या एका थ्रिलरबद्दल म्हणाले, "व्हिलन फार लवकर कळला हो." मी काय बोलणार!

हा घोटाळा होतो का, तेही कळण्यासारखं आहे. आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच फळीवर, एकाच धाटणीच्या भडक मुखपृष्ठात आणि बहुतेक वेळा एकाच लेखकाच्या नावाखाली आले. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक घ्या. त्यांचा सुनील हा वार्ताहर, 1963 पासूनचा. खून होतो, हा पोलिसांच्या आधी खुन्यापर्यंत पोचतो. चोख रहस्यकथा. त्याच लेखकाचा विमल 1971 पासूनचा, आणि तो स्वतःच फरार गुन्हेगार. वॉरंट डोक्यावर घेऊन नाव बदलत गावोगाव फिरणारा. त्याला इमानदारीत जगायचं असतं, पण कुणीतरी त्याला ओळखतं आणि त्या ओळखीच्या जोरावर गुन्ह्यात ओढतं. 1977 ची गाजलेली विमल-कादंबरी 'पैंसठ लाख की डकैती'. दरोडा पडणार हे नावातच, रक्कमही नावातच! लपवायला शिल्लक काय राहिलं? तरी ती लोकांनी झोप मोडून वाचली. कारण प्रश्न 'कोणी केलं' हा नव्हताच. तिजोरी फुटल्यावर बरोबरचे भिडू एकमेकांना जगू देतील का, हा होता.

आता ते जुळं भावंड, 'हिरो मरणार नाही हे माहीतच आहे.' खरं आहे. मालिकेचा नायक मरत नाही, आणि मारला तर वाचकच मरू देत नाहीत. कॉनन डॉइलनं 1893 मध्ये होम्सला धबधब्याशी संपवलं, आणि वाचकांनी असा काही धोशा लावला की 1903 मध्ये त्याला सुखरूप परत आणावं लागलं. तेव्हा नायक जगणार हे गृहीतच धरून बसा. चांगला मालिका-थ्रिलर तुमच्याकडून ती पैज लावूनच घेत नाही. तो नायकाच्या जिवाऐवजी दुसरं काहीतरी डावावर लावतो: भोवतीची माणसं, त्यानं दिलेला शब्द, कष्टानं जमवलेलं नवं नाव-गाव. विमल प्रत्येक पुस्तकात जिवंत राहतो, पण ज्या शांत आयुष्यासाठी एवढा आटापिटा, ते त्याच्या हातून पुन्हा निसटतं. वाचताना आपण त्याच्या श्वासावर नजर ठेवत नाही, त्या आयुष्यावर ठेवतो. ज्या थ्रिलरमध्ये नायकाच्या जिवाखेरीज पणाला लागलेलं काहीच नसतं, तो खरोखरच फुसका, आणि त्याला झोडा की! पण झोडा ते यासाठी, 'मरणार नाही हे कळलं' म्हणून नव्हे.

एक अपवाद मान्य. काही थ्रिलरच्या पोटात छोटी रहस्यकथा असते: आपल्यातला फितूर कोण? तेवढ्या धाग्याला रहस्यकथेचे नियम लावायला माझी हरकत नाही. फितुराचा आधी मागमूसही नसेल आणि शेवटच्या वीस पानांत तो आकाशातून पडला, तर तक्रार अगदी रास्त.

रास्त तक्रारी आणखीही आहेत, पण त्या कुणी करत नाही. 'एका बैठकीत संपवलं' हा काय अभिप्राय झाला? भेळही एका बैठकीत संपते. मला राग येतो तो वेगळ्या लबाडीचा. दोनशे पानं आपण नायकाच्या डोक्यात बसलेलो असतो, त्याची भूक, जखम, भीती सगळं आपल्याला कळत असतं, आणि ऐन वेळी 'त्याने तिला आपली योजना सांगितली' एवढ्यावर प्रकरण बंद. योजना काय ते आपल्याला नाही सांगायचं! थ्रिलरवाल्यानं रहस्यकथेची झाकाझाकी इथे उसनी आणलेली असते, आणि ती हमखास खोटी वाटते. दुसरं म्हणजे भूगोल. मारामारीच्या प्रकरणात दार कुठे, जिना कुठे, कोण कुणाच्या मागे हे समजत नसेल तर कितीही गोळ्या झाडा, माझ्या अंगावर काटा येत नाही. तिसरं, योगायोग. नायकाला अडकवणारा योगायोग मी हसत गिळते, सोडवणारा गिळत नाही. आणि बंदुकीच्या जातकुळीची दीड पानं वर्णनं तर मी सरळ उलटते. अपवाद फक्त ती कुबडी.

राहता राहिला वाचायच्या क्रमाचा प्रश्न. त्यावरूनही 'काही कळेचना' छापाचे अभिप्राय येतात. रहस्यकथेच्या मालिकेत गुन्हा दर वेळी नवा आणि त्याच पुस्तकात मिटणारा, म्हणून सुनील कुठूनही उचला, काही अडत नाही. ॲक्शन मालिकेत मागच्या भागाची उधारी पुढे येते. जुने वैरी, मेलेली माणसं, तुटलेली नाती, सगळं. अशी मालिका मधूनच उघडून लेखकाला दोष देऊ नये. विमलपुरतं विचाराल तर मी दरोड्याची ती चौथी कादंबरी आधी द्या म्हणते. गोडी लागली तर मागच्या तीन माणूस आपणहून शोधत येतो, आणि तिथून पुढे मात्र ओळीनं. कट्ट्यावर याला तीन जणांचा विरोध आहे. त्यांचं म्हणणं, सुरुवात म्हणजे सुरुवात, 1971 पासूनच. म्हणोत बापडे.