बर्फाखालचे देवमासे

2007 मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला इनुपियाट या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या शिकाऱ्यांनी एक बोहेड (आर्क्टिकमधल्या एका जातीचा) देवमासा मारला. तो कापताना आत रुतलेला धातूचा तुकडा हाती लागला. तो होता 1879 साली पेटंट घेतलेल्या स्फोटक भाल्याचा! म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी वार झेलून हा प्राणी निसटला होता आणि तो तुकडा अंगात घेऊन शतकभर पोहत राहिला होता.

तसले भाले व्यापारी शिकाऱ्यांचे. 1848 पासून त्यांनी तेलासाठी आणि तोंडातल्या लवचिक पट्ट्यांसाठी या देवमाशांचा फडशा पाडला. इनुपियाट त्याच्या कित्येक शतकं आधीपासून शिकार करत होते, पण 1977 मध्ये देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बंदी घातली ती त्यांच्यावर. व्यापारी तोवर कधीच निघून गेले होते.

बंदीमागचा हिशोब असा, की देवमासे उरलेत फार तर दोनेक हजार. बर्फाच्या काठावर बसून, मोकळ्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजून हा अंदाज बांधला होता. हॅरी ब्राउअर या बुजुर्ग शिकाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं: देवमासे बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, ते काठावरून दिसणारच नाहीत. याला ‘परंपरेचं ज्ञान’ म्हणून नुसते हात जोडायची गरज नव्हती. हे तपासता येण्याजोगं विधान होतं, आणि संशोधकांनी पाण्याखाली मायक्रोफोन सोडून ते तपासलं. काठावरून न दिसणाऱ्या देवमाशांचे आवाज बर्फाखालून ऐकू आले. पुढे 2001 मध्ये अंदाज दहा हजारांवर आणि 2011 मध्ये सतरा हजारांच्या आसपास गेला.

बंदी मात्र 1977 च्या अखेरीसच उठली होती आणि तिच्या जागी कोटा आला होता. त्यातली मला सर्वात शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे मोजणी मेलेल्या देवमाशांपुरती नसते, वारांचीही असते. सध्याची मर्यादा वर्षाला साधारण 67 वारांची. जखमी होऊन निसटलेला प्राणीही हिशोबात धरला जातो, त्यामुळे नेम चुकला तर गावाचंच नुकसान. सत्तरच्या दशकात वार झालेल्यांपैकी जवळपास निम्मे हातचे जात; आता चारांतले तीन किंवा जास्त मिळतात. भाल्यातल्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या जागी नॉर्वेत विकसित झालेलं अधिक जोरदार स्फोटक वापरलं जाऊ लागलं, त्यामुळे मरण लवकर येतं.

लवकर, पण दर वेळी तत्क्षणी नाही. दोनशे वर्षं जगू शकणाऱ्या प्राण्याला ती मिनिटं कशी जात असतील, हा प्रश्न सतरा हजारांच्या आकड्याने सुटत नाही. उलट, तो प्रश्न पुढे करून अख्ख्या गावाचं वर्षभराचं मांस बंद करायचं, हेही मला पटत नाही. आता तर वसंतातला बर्फच पातळ होतोय. कित्येक टनांचा देवमासा ओढून वर घ्यायला लागणारा जाड काठ दरवर्षी मिळेलच याची खात्री शिकाऱ्यांनाही राहिलेली नाही.