दिवाळी यंदा उशिरा का, आणि सुट्टीचा आठवा दिवस

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आमच्या घरात जानेवारीचं पान कुणी बघत नाही. सहावीतली लेक थेट ऑक्टोबर उघडते. यंदा तिनं तो उघडला आणि तोंड एवढंसं झालं. "आई, दिवाळीच नाहीये!" मागच्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा थेट ८ नोव्हेंबरला. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "अगं, यंदा धोंड्याचा महिना आहे ना!"

वर्षभराच्या सुट्ट्या आखायला बसायचं तर सुरुवात सासूबाईंच्या या वाक्यापासूनच करायला हवी. चंद्राचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि सण तेवढे अलीकडे सरकतात. मागची तीन वर्षं बघा. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. बरोबर अकरा-अकरा दिवसांच्या पायऱ्या. हे असंच चालू दिलं तर थोड्याच वर्षांत आकाशकंदील भर पावसात लावायची वेळ येईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवायचा आणि तूट भरून काढायची. एकोणीस वर्षांत असे सात महिने वाढले की चंद्र आणि सूर्य पुन्हा जवळजवळ जागेवर येतात. २००७ साली दिवाळी ९ नोव्हेंबरला होती. आज एकोणीस वर्षांनी ती ८ तारखेला आहे.

कोणता महिना वाढवायचा हे कुणाच्या मर्जीवर नसतं. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सूर्यानं रास बदललीच नाही, म्हणजे संक्रांत पडलीच नाही, तर तो महिना अधिक. यंदाचा योग अगदी थोडक्यात जुळलेला आहे. १५ जूनला सकाळी अमावस्या संपते आणि त्यानंतर काही तासांतच सूर्य मिथुन राशीत शिरतो. ही संक्रांत सकाळीच पडली असती तर अधिक महिना झालाच नसता. पण ती हुकली, आणि १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ झाला.

अधिक महिने बहुतेक उन्हाळ्या-पावसाळ्याच्याच बाजूला का येतात, याचंही कारण सुंदर आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि तेव्हा तिचा वेगही सर्वांत कमी असतो. त्यामुळे या दिवसांत सूर्य एका राशीत एकतीस दिवसांहून थोडा जास्तच रेंगाळतो. साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमहिना त्यात आरामात मावतो. थंडीत पृथ्वी वेगात असते, तेव्हा तेवढी जागाच उरत नाही.

आता याचा घरच्या आखणीशी संबंध. मागचा अधिक महिना २०२३ साली श्रावणात, म्हणजे १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता. शाळा चालू, घटक चाचण्या तोंडावर. लेकी-जावयांना वाण द्यायला घरोघरी बोलावणी झाली, अनारसे झाले, पण नातवंडांना घेऊन चार दिवस राहणं कितीजणींना जमलं? यंदा अख्खा धोंड्याचा महिना मे महिन्याच्या सुट्टीत बसला आहे. माहेरची ओढ असलेल्या प्रत्येकीला मी आत्ताच सांगते, ही संधी सोडू नका.

दुसरी गोष्ट तितकीशी गोड नाही. दिवाळी लांबली की पहिलं सत्र लांबतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात (विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा) आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मोठा विसावा नसतो. मागच्या वर्षीपेक्षा यंदा हा पल्ला अडीच आठवड्यांनी मोठा आहे. मधे गणपती, लगेच सहामाहीचा अभ्यास, मग परीक्षा. ऑक्टोबरच्या उन्हात मुलं किरकिरी होतात, जेवताना डोळे मिटतात, आणि आपण म्हणतो की हल्ली ऐकतच नाही. ती दमलेली असतात. यंदा गणेशचतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आधीचे शनिवार-रविवार जोडून येतात. सजावट आणि पाहुण्यांत ते तिन्ही दिवस संपवण्यापेक्षा त्यातली एक दुपार नुसती लोळायला ठेवा, असं मी मनापासून सुचवेन.

सुट्टीनं माणूस ताजातवाना होतो म्हणजे नक्की काय होतं, हे संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. सुट्टीला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा आनंदी होती, पण निघण्याच्या आधी! परत आल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांनाच तो आनंद नंतरही थोडे दिवस पुरला. म्हणजे प्रवासाच्या आनंदाचा मोठा वाटा वाट बघण्यातच मिळतो. आपण मात्र तो मुलांच्या हाती लागूच देत नाही. ऐनवेळी आश्चर्याचा धक्का देतो, नाहीतर सगळं ठरल्यावर त्यांना कळवतो. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलतं. त्या सकाळी मुलांना शेजारी बसवा. नकाशावर बोटानं रस्ता काढू द्या. कुठं थांबायचं, डब्यात काय घ्यायचं, यातलं काहीतरी त्यांना ठरवू द्या. साठ दिवसांचा आनंद आहे तो, आणि त्याला खर्च शून्य.

नेदरलँड्समधल्याच दुसऱ्या अभ्यासात ५४ नोकरदारांना सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. सुट्ट्या भल्या मोठ्या, सरासरी २३ दिवसांच्या. त्यांची तब्येत आणि मनाची उभारी पहिल्या दिवसांत वाढत गेली, आठव्या दिवसाच्या सुमाराला शिखरावर पोचली, आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच मूळपदावर आली. तेवीस दिवसांची रजा आपल्याकडे कुणाला मिळते? पण म्हणूनच हा निष्कर्ष मला दिलासा देणारा वाटतो. फार लांब सुट्टी मिळाली म्हणून तिचा परिणाम फार दिवस टिकतो असं नाही. वर्षाची रजा मे महिन्यात एकदम संपवण्यापेक्षा ती वाटून घेतलेली बरी. आठवडाभर उन्हाळ्यात, चार दिवस दिवाळीत, दोन गणपतीत, आणि एखादा दिवस नाताळच्या सुमाराला. ज्या घरात दुकान आहे, शेती आहे, आई-वडील दोघं पाळीवर जातात, त्यांना आठवडासुद्धा सलग मिळत नाही. त्यांच्या एखाद-दुसऱ्या दिवसाचं मोलही त्यामुळे कमी होत नाही.

गर्दीबद्दल थोडंसं. लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच गाड्या घाटात असतात. रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. तिकिटाच्या खिडकीचं साधं उदाहरण घ्या. ती तिच्या क्षमतेच्या निम्मी वापरात असताना जेवढं थांबावं लागतं, त्याच्या चौपट ८० टक्क्यांना थांबावं लागतं, नऊपट ९० टक्क्यांना आणि एकोणीसपट ९५ टक्क्यांना. गर्दी जरा वाढली की खोळंबा कितीतरी वाढतो, आणि जरा कमी झाली की तितकाच सुटतो. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या आणि वसंतातल्या शालेय सुट्ट्या तीन विभागांत वेगवेगळ्या आठवड्यांना देतात, ते यासाठीच. आपल्याला तेवढं करता येत नाही, पण भाऊबीज घरी करून दोन दिवसांनी निघणं नक्की जमतं.

आणि मग इतकं करून मुलांच्या मनात राहतं काय? दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच दिवस कोकणात होतो. दोन किल्ले, तीन देवळं, चार किनारे, सगळं वेळापत्रकानुसार. परवा लेकीला सहज विचारलं, काय आठवतं? ती म्हणाली, "फेरीबोट." दाभोळहून धोपाव्याला जाताना गाडीसकट बोटीत चढलो, ते. खाडीच्या मधोमध इंजिनाची धडधड पायांतून वर येत होती, डिझेलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास येत होता, आणि आजोबांनी तिला कठड्यापाशी उभं करून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले होते. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास असेल. किल्ल्यांची नावंही तिला सांगता आली नाहीत.

न्यूझीलंडमधल्या विद्यार्थ्यांवर २००८ साली असाच एक अभ्यास झाला. सुट्टीत ते रोज आपला आनंद नोंदवत होते, आणि नंतर त्यांना एकूण सुट्टी कशी गेली ते आठवायला सांगितलं. सुट्टी किती दिवसांची होती याचा त्या आठवणीवर परिणाम दिसला नाही. सर्वांत लक्षात राहिलेला किंवा सर्वांत वेगळा असा एक दिवस कसा गेला, त्यावरून आठवणीचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. स्मृती दिवस मोजत बसत नाही. रोजच्यासारखं जे असतं ते ती एकावर एक ठेवून चपटं करते आणि वेगळं दिसेल ते उचलून घेते. मामाच्या गावचे आठ दिवस आपल्याला अख्ख्या पावसाळ्याएवढे मोठे आठवतात, ते त्यातला दर दिवस नवा होता म्हणून.

असा वेगळा दिवस विकत घ्यावा लागतो असंही नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो दर मे महिन्यात आपोआप येतो. शून्य सावलीचा दिवस! आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलै-ऑगस्टमधला दिवस ढगांत जातो, मेमधला आपला. पणजीत तो महिन्याच्या अगदी सुरुवातीला, कोल्हापुरात ६ मेच्या, पुण्यात १४ मेच्या, मुंबईत १५-१६ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या आसपास असतो. दिल्लीतल्या मुलांना हे कधीच बघायला मिळत नाही. आम्ही गेल्या वर्षी गच्चीवर स्टीलचा उभट डबा ठेवला आणि टोप्या घालून बसलो. सव्वाबाराला डब्याच्या पायथ्याशी सावलीची बारीक चंद्रकोर होती. खडूनं तिच्या कडेला रेघ मारली. दर दोन मिनिटांनी नवी रेघ, आधीच्या आत. साडेबाराला डबा सावलीविना उभा होता, जणू कुणी चित्रातून कापून फरशीवर चिकटवला असावा. खालच्या मजल्यावरची मुलं धावत वर आली. मग सगळ्यांनी एका पायावर उभं राहून आपापली सावली शोधली. ती पायाखालीच होती. सूर्याकडे मात्र कुणी थेट बघायचं नाही, हे आधीच बजावलेलं बरं.

सुट्टीत झोपेचं वेळापत्रक कोलमडतं आणि जूनमध्ये घराघरात सकाळी रणकंदन होतं. आपल्या शरीरातलं घड्याळ प्रकाशावर चालतं. संध्याकाळी अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं आणि झोप यायला लागते. रात्री उशिरापर्यंत दिवे आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे चालू असले की ते लांबतं. वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं, त्यात आळस नसतो, म्हणून निदान त्यांना त्यावरून बोलू नये. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं, विजेचा दिवा नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. आठवड्याअखेर त्यांचं मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी वाढू लागलं होतं. आजोळी अंगणात बाजेवर झोपलेली, पहाटे कोंबड्याबरोबर उठलेली मुलं शहरात आल्यावर चार दिवस लवकर उठतात, ते यामुळेच. शाळा उघडायच्या आधी दहा-बारा दिवस उठण्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणायची आणि उठल्यावर लगेच बाहेरच्या उजेडात न्यायचं. दूध आणायला पाठवलं तरी पुरे.

राहता राहिला शेवटचा दिवस. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना गार पाण्यात हात बुडवायला लावला होता. एकदा १४ अंशांच्या पाण्यात साठ सेकंद. दुसऱ्यांदा तसेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस, पण त्या तिसात पाणी हळूहळू एका अंशानं कोमट केलं. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट बरा होता. हे वाचल्यापासून मला आमचे सुट्टीचे शेवटचे दिवस आठवून वाईट वाटायचं. अपुरा गृहपाठ, नखं कापा, गणवेश तोकडा झालाय, आत्ता सांगतेस होय! सगळी सुट्टी छान गेलेली, आणि शेवट रडारडीत.

आता आम्ही ती कामं दोन दिवस आधी उरकतो. शेवटच्या संध्याकाळी जेवणाचा घाट घालत नाही. सतरंजी पसरतो, खाकी कागदाची गुंडाळी सोडतो आणि नव्या वह्यांना कव्हरं घालतो. सासूबाई कोपरे दुमडतात, नवरा कात्री धरतो, लेक चिठ्ठ्यांवर नाव घालते. कोऱ्या कागदाचा वास सुटलेला असतो. मग भेळ.