सडा, पुळण, खाडी: आरे-वारेच्या वाटेवरचं भूविज्ञान

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर साखरतरचा पूल ओलांडून काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे अशी गावं लागतात. या वाटेवर सपाट रस्ता फारसा टिकत नाही. गाडी चढ चढून उघड्या कातळावर येते, वळण घेते आणि खाली एकदम समुद्र दिसतो. मग उतार, सुरूची झाडं, माडांच्या आड दडलेली घरं आणि पुन्हा चढ. या चढउतारांमागे कोकणच्या दगडाची आणि पाण्याची फार जुनी गोष्ट आहे.

चढावर लागतो तो सडा, म्हणजे माथ्यावरचं उघड्या कातळाचं पठार. खालचा काळा कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून तयार झालेला बेसॉल्ट. त्याच्या माथ्यावरचा तांबडा, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. तो बाहेरून आलेला नाही, बेसॉल्टच कुजून तयार झाला आहे. उष्ण हवेत धो धो पाऊस आणि त्यामागून कोरडे महिने असं चक्र लाखो वर्षं चाललं, की दगडातली सिलिका विरघळून वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात. तांबडा रंग त्या लोहाचा. चिरेखाणीत ओला असताना जांभा सहज कापता येतो, उन्हावाऱ्यात तो कडक होतो. म्हणून तर कोकणातली घरं चिरेबंदी! स्कॉटिश निसर्ग-अभ्यासक फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात हाच दगड पाहिला आणि 1807 साली त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट.

मात्र जांभ्याच्या या कडक टोपीखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपतं, मातीपाशी अडतं, माती फुगून सरकते आणि वरचे जांभ्याचे ठोकळे सुटतात. इथे रस्ता रुंद करायला डोंगर सरळ उभा कापला, तर पावसाळ्यात दरड येण्याचा धोका वाढतो. पाण्याला आधी वाट काढून द्यावी आणि मगच डोंगराला हात लावावा, असं मला मनापासून वाटतं.

आरे-वारेच्या माथ्यावर थांबलात तर लाटांकडे नीट पाहा. खोल समुद्रातून त्या जवळजवळ सरळ रांगेत येतात, पण किनाऱ्याजवळ त्यांची कमान होते. टेकडीचं टोक समुद्रात घुसलेलं असतं, तिथे पाणी आधी उथळ होतं आणि उथळ पाण्यात लाट मंदावते. शेजारच्या खोलगट भागातली लाट तशीच पुढे जाते. त्यामुळे लाटेची रांग टोकाभोवती वळते, तिचा जोर कातळावर एकवटतो आणि मधल्या वळणात तो पसरून मवाळ होतो. कातळ झिजत राहतो, वळणात वाळू साठते. गणपतीपुळे, भंडारपुळे या नावांत आहे तीच ही पुळण. पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा तिच्यातली बरीच वाळू ओढून पाण्याखाली नेतात आणि हिवाळ्यातल्या संथ लाटा ती परत आणून टाकतात. जुलैमध्ये अरुंद झालेली पुळण पाहून घाबरायचं कारण नाही. पण मागच्या वाळूच्या उंचवट्यावर भिंत किंवा रस्ता बांधला, तर ही देवघेव बिघडते. भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू उकरून नेते.

त्या उंचवट्याचं आणखी एक मोल आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना आगरातल्या विहिरीचं पाणी गोडं कसं? लीटरभर समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण 25 ग्रॅमनी जड असतं. म्हणून वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल, तर ढोबळ हिशोबाने खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. हाच हिशोब उलटाही चालतो. पंप लावून वरची पातळी थोडी उतरवली, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. हॉटेलं वाढत चाललेल्या गावांनी हा आकडा ग्रामपंचायतीत लिहून ठेवावा.

गणपतीपुळ्याच्या पुढे मालगुंडवरून जयगडला पोचलं, की रस्ता पाण्याच्या काठाशी संपतो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती आणि नद्या खोल दऱ्या कोरत दूरवरच्या किनाऱ्याकडे जात. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि दऱ्यांची तोंडं बुडाली. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजे आपल्या खाड्या: शास्त्रीची जयगडला, वाशिष्ठीची दाभोळला, सावित्रीची बाणकोटला. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी अशा खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. तोवर फेरीबोट आहेच. गाडीसकट तवसाळला उतरायचं आणि हेदवी गाठायची.

हेदवीला किनाऱ्यालगतच्या कातळात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. लाट तिच्यात शिरते, पुढे जागा आवळत जाते आणि कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. पण त्यासाठी भरती हवी. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या. चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं मागे सरकते. पाऊण तास आला तो तिथून. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, फारसं चढत नाही. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्या बघून निघा, जयगडची सकाळची बोट धरा आणि अकराच्या आत घळीपाशी पोचा. उधाणाच्या दिवशी कातळावर शेवाळ निसरडं असतं, कडेपासून लांबच उभे राहा.